एस्तेरबाईंचा मलिदा

देवघरातलं निर्माल्य आणि आमच्या गुरुवारच्या मंडळाचे किस्से, दोन्ही साठत जातात आणि टाकवत नाहीत. निर्माल्य निदान तुळशीत घालता येतं. किस्से कुठे घालणार? म्हणून आज तुमच्या ओटीत!

डहाणूत आम्ही अकरा जणी दर गुरुवारी पोथीला जमतो. त्यातल्या एस्तेरबाई बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. कोसबाडकडच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून सगळ्यांच्याच 'बाई'.

पहिल्याच गुरुवारी रमाकाकूंनी विचारलं, "बाई, तुमच्यात उपवास असतो का हो?"

"वर्षातून एक मोठा. संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. पाणीसुद्धा नाही."

आमच्या उपवासाच्या ताटल्यांत साबुदाणा वडे, दाण्याची चटणी, रताळ्याचा कीस, वर केळ्याचे वेफर. जशुबेनने आपला दुसरा वडा हळूच पदराखाली सरकवला!

*

मग त्या गायकाचं प्रकरण झालं. मोठा माणूस, नाव कशाला घ्या! मंडळाच्या वर्धापनदिनासाठी त्याच्याच गाण्यावर आमचा नाच बसत होता. ठेका मोजायला एस्तेरबाई.

ऐन तालमीत जशुबेनच्या मोबाइलवर त्याची मुलाखत आली. हसत हसत सांगत होता, जगातल्या सगळ्या भानगडींमागे ज्यूच असतात, त्यांना दारात उभं करू नये.

आमचे पाय थांबले. बाईच म्हणाल्या, "गाणं चांगलं आहे. चालू द्या."

रमाकाकूंनी स्पीकरची वायर उपटली.

"अहो, मग नाचायचं कशावर?" मी विचारलं.

"बाई आहेत ना!"

वर्धापनदिनाला आम्ही एकोणतीसच्या पाढ्यावर नाचलो. बाई माइकवर म्हणत होत्या, आम्ही गिरक्या घेत होतो. हॉलमधले त्यांचे चाळिशीतले विद्यार्थी हाताची घडी घालून ताठ बसले होते!

*

गायकाने व्हिडिओ टाकून माफीही मागितली. म्हणाला, मी तर आयुष्यात एकाही ज्यूला भेटलेलो नाही.

जशुबेन उसळली. "भेटला नाय, तर बोलला कशाला मुआ?" आणि खाली कमेंट टाकली, "वाणगाव गेलं की डहाणू रोड येते. उतर. आमच्या बाईंना भेटवते. पाढे पाठ करून ये!"

इतके लाइक आले की तिचा फोन तापला.

*

पण त्याच व्हिडिओखाली "बरोबर बोलला" म्हणणारेही होते. ते बाईंनीही वाचलं.

त्यांच्या नातीचं ऑपरेशन नीट झालं होतं. त्यासाठी त्यांच्या एलियाहू पैगंबरांना मलिद्याचा नवस बोललेला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं. प्रार्थना करायची आणि वाटायचं. दर खेपेला बाईंचं दार सताड उघडं असायचं. यंदा ठाण्याच्या मुलाने बजावलं, "आई, दार लावून कर. कुणाला बोलावू नकोस." बाईंनी मान डोलावली.

नवस काय झाकून फेडायचा? मला सोसेना. म्हटलं, "बाई, तुमचं दार उघडेपर्यंत मी चहा सोडला."

बघता बघता दहाही जणींनी काही ना काही सोडलं. रमाकाकूंनी सुनेला नावं ठेवणं सोडलं. तिसऱ्या दिवशी सूनच बाईंकडे धावली, "बाई, दार उघडा हो! सासूबाई माझं कौतुक करतायत, मला भीती वाटते!"

बाई हसल्या आणि पोहे निवडायला लागल्या.

*

मलिद्याच्या दिवशी आम्ही आपापली घरची माणसं, चिकू, नारळ घेऊन जिना चढलो. माझे ओठ नामस्मरणात, जीव दारात.

दार सताड उघडं!

प्रार्थना म्हणायला ठाण्याहून बाईंचे म्हातारे मामा आले होते. प्रार्थना संपवून ते उंबऱ्यापाशी आले. चपला दारापासून जिन्याच्या तळापर्यंत गेलेल्या. ते बघतच राहिले.

"एस्तेर, डहाणूत आपली एवढी माणसं?"

बाई पोहे वाढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"मोजलीत मामा. म्हणून तर चार किलो भिजवले!"