स्टाफची डाळ

बावीस वर्षं भट्टीसमोर उभं राहिल्यावर माणसाकडे दोनच गोष्टी उरतात, गुडघेदुखी आणि किस्से. गुडघ्यांवर गोळ्या मिळतात. किश्श्यांवर काही मिळत नाही, म्हणून समोर कोणी बसलं की मी सांगत सुटतो. लातुरात नांदेड रोडवरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मी वस्ताद होतो, म्हणजे मुख्य आचारी. आता थकलो, रेणापूरकडच्या आमच्या गावी येऊन राहिलोय. सकाळी बायको, शोभा, तुरीची डाळ शिजवते आणि फोडणीला मला हाक मारते. तेलात लसूण पडला की एकेक आठवायला लागतं.

*

आमच्या मेन्यूत डाळीचे चार प्रकार होते. दाल फ्राय, दाल तडका, दाल कोल्हापुरी आणि दाल स्पेशल. पातेलं मात्र एकच! एकदा नांदेडचं एक कुटुंब मुलीला कोचिंग क्लासला सोडायला आलं होतं. सगळ्यांना चव बघता यावी म्हणून त्यांनी तीन प्रकार मागवले. मुलीच्या आईनं तिन्ही वाट्यांत बोट बुडवून चाखलं आणि आमच्या वेटरला, गफारला, शांतपणे सांगितलं, "बाबा, तिन्ही एकाच आईची लेकरं हायत."

गफारनं आत येऊन मला ते जसंच्या तसं ऐकवलं. मी म्हटलं, चौथंही पाठव, घर पूर्ण होईल.

*

दुपारी चारला स्टाफ जेवायचा. तेव्हा मी वेगळी डाळ करायचो. हळद, मीठ, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची, वरून थोडं तेल. संपलं. माझी आई अशीच करायची. हॉटेलच्या मालकांचा, शेठचा, डबा रोज घरून यायचा, तो तसाच बाजूला ठेवून ते आमच्यात येऊन बसायचे आणि ही डाळ भाकरीवर ओतून घ्यायचे. गफारनं एकदा विचारलं, ही मेन्यूत का नाही टाकत? शेठ म्हणाले, "मग बाकीचं कोण खाईल?"

*

आता बापूंचं सांगतो. बापू आमच्याच गावचे, चांगल्या जमिनीचे शेतकरी. मोंढ्याच्या बाजारात सोयाबीन घालायला आले की जेवायला हमखास आमच्याकडे. बेसिनजवळचं टेबल, दाल तडका, चार रोट्या. वाटी रोटीनं पुसून लख्ख करायचे आणि जाताना गफारला न चुकता सांगायचे, "वस्तादाला सांग, मीठ जास्त हाय."

वस्ताद मी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी लातुरात कुठल्याशा हॉटेलात असतो एवढंच त्यांना माहीत. कोणत्या, ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आमचं घर बौद्ध. आमच्या हातचं खायचं नाही असं गावात आता कोणी बोलून दाखवत नाही, नुसतं पाळतात. बापू आमच्याकडे बारशाला आले, लग्नाला आले, नवं घर बांधलं तेव्हाही आले. प्रत्येक वेळी प्रेमानं बोलले, सुपारी उचलली आणि म्हणाले, आज उपास हाय.

तिसऱ्या खेपेला ते गेल्यावर शोभा म्हणाली, "एकादशी बी आपल्याच दारात येऊन बसती काय?"

*

एकदा बापूंनी गफारला सांगितलं, वस्तादाला बाहेर बोलाव, भेटायचंय. गफार आत आला. माझ्या हातातला झारा तसाच राहिला. तंदूरवर उत्तर प्रदेशचा एक जण होता, त्याला मी माझा एप्रन घातला आणि बाहेर पाठवलं. दाराआडून बघत होतो. बापूंनी त्याच्या पाठीवर थाप मारली, मोडक्या हिंदीत कौतुक केलं आणि नमक कम करायला सांगितलं.

परत आल्यावर तो म्हणाला, "आपके गाँव का आदमी बहुत अच्छा है."

मी हाव म्हणालो आणि भट्टीकडे वळलो. त्या दिवशी बापूंचा राग आला नाही, माझी मलाच लाज वाटली. अजून वाटते.

*

गुडघे गेले, गावी आलो. त्याच वर्षी बापूंनी अंथरूण धरलं. अन्नावरची वासनाच गेली. काही ठेवलं की ताट सारायचे आणि म्हणायचे, लातूरच्या त्या हॉटेलची दाल आणा. मोंढ्यात बापूंबरोबर त्यांचा मुलगाही यायचा, त्याला गफारनं कधीच सांगून ठेवलं होतं की वस्ताद तुमच्याच गावचा. एके सकाळी त्यांची सून सविता मागच्या दारानं आली. हातात पार्सलचा प्लास्टिकचा डबा.

"काका, ह्यात द्या," ती म्हणाली. "हॉटेलातनं आणली म्हणून सांगते."

मी स्टाफची डाळ केली, वरून तडका मारला आणि डबा भरला. बापू जेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा आला. आठ दिवस हे चाललं. म्हातारा उठून बसायला लागला. मी रोज भरत होतो आणि रोज एप्रन दुसऱ्याच्या अंगावर घालत होतो.

नवव्या दिवशी शोभानं तो प्लास्टिकचा डबा बाजूला सारला. फळीवरून तिच्या लग्नातला स्टीलचा डबा काढला, झाकणावर तिचं नाव कोरलेलं. डाळ चाखली, त्यात भरली आणि डबा सविताच्या पुढे ठेवला.

सविताचा चेहरा उतरला. "काकू, नाव दिसतंय. खाल्लं न्हाई तर? दुसरं काईच जात न्हाई त्यांच्या पोटात."

"जाईल तर ह्यात जाईल," शोभा म्हणाली.

माझा हात प्लास्टिकच्या डब्याकडे गेला होता. शोभानं माझ्याकडे पाहिलं, मी तो मागं घेतला. सवितानं डबा पदराखाली धरला आणि निघून गेली.

संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही. रात्री आम्हा दोघांनाही जेवण गेलं नाही. आपल्या हट्टापायी म्हातारा उपाशी राहिला तर, हे दोघांच्याही मनात होतं.

सकाळी सविता आली, पुढच्या दारानं. डबा घासून आणला होता. तिनं सांगितलं की बापूंनी चष्मा मागवला. झाकणावरचं नाव वाचलं. डबा मांडीवर घेतला. मग भाकरी मागितली आणि डबा पुसून काढला.

"काय म्हणले?" मी विचारलं.

सविता माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हणले, वस्तादाला सांग, मीठ जास्त हाय."

मीठ बरोबर होतं. शोभानं डाळ चाखूनच भरली होती.