अंग खोटं बोलत नाही

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी इसब होतं. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे आणि मानेवर. एवढं लिहायला मला इतकी वर्षं का लागावीत? यात लपवण्यासारखं काहीच नाही. लपवण्यासारखं आहे ते पुढचं: त्या इसबाच्या आड मी लपलो.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सोलापुरात दुष्काळ होता. आमचे वडील, अप्पा, नव्या पेठेत एका कापडाच्या दुकानात कामाला होते. रेशनवर परदेशातली तांबडी ज्वारी मिळायची. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. उतरायची ती फक्त शेंगाच्या चटणीबरोबर. शेंगदाण्यात लसूण आणि तिखट घालून उखळात कुटलेली, तेल सुटलेली चटणी. तेवढं एक असलं की आम्ही भाकरीबद्दल तक्रार करत नसू.

बहिणीच्या इसबाला दवाखान्यातल्या मलमानं चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा अंगावर उठायचं. शेवटी अव्वा, म्हणजे आमची आई, तिला तिच्या माहेरी दुधनीला घेऊन गेली. मीही सोबत होतो. तिथल्या वैद्यानं पोरीचे हात उलटसुलट करून बघितले. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंघोळ, वरून करंजाचं तेल. म्हातारा लबाड नव्हता. त्या तेलानं तिला जरा आराम पडायचा, हे खरं आहे. पण जाताना तो म्हणाला, "शेंगा बंद, वांगं बंद, आंबट बंद. अंगावर उठलं की समजायचं, पोरीनं कायतरी खाल्लंय. माणूस खोटं बोलतंय, अंग न्हाय बोलत."

हे शेवटचं वाक्य अव्वानं औषधापेक्षा जास्त जपून घरी आणलं.

एकीला वगळून आपण कसं खायचं, म्हणून घरात चटणी बंद झाली. अप्पांच्या डब्यापुरती एक लहान बरणी तेवढी वरच्या फळीवर राहिली. मी अकरा वर्षांचा, बहीण सातची. दुपारी अव्वा शेजारी शेवया करायला गेली की मी पत्र्याची पेटी ओढायचो, वर चढायचो आणि बरणीत बोट घालायचो. आधी बोट, मग चिमूट, मग मूठ. भूक म्हणावी तर भूक होती. पण राग जास्त होता. घरात पाण्याची मारामार असताना पातेलंभर पाणी हिच्या लिंबाच्या अंघोळीला जायचं आणि मी तांब्याभर पाण्यात उरकायचं. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. त्यात तिचं ते दिवसभर खरखर खाजवणं. मला तो आवाज सहन व्हायचा नाही.

एका दुपारी अव्वानं बरणी उतरवली. "निम्मी झाली की गं ही!"

बहीण शाळेतून नुकतीच आली होती. घामानं तिची कोपरं लाल झाली होती, आणि त्या दिवशी शाळेत बाईंनी तिला वेगळ्या बाकावर बसवलं होतं. हे तिनं मला वाटेत सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं.

"ये हिकडं. हात दाखव."

"मी न्हाय खाल्ली अव्वा."

"मग हे काय उठलंय? खरे हेळ!" रागावली की अव्वा कानडीवर जायची. खरे हेळ, म्हणजे खरं सांग.

"न्हाय खाल्ली, खरंच."

अव्वा माझ्याकडे वळली. "तू बगितलास काय रे?"

"व्हय," मी म्हणालो. "पेटीवर चढली हुती."

पेटीचं कुणी विचारलं नव्हतं. ते मी होऊन घातलं. खोटं पक्कं व्हावं म्हणून.

अव्वानं तिला गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. आम्हा लिंगायतांत ही शपथ म्हणजे गंमत नव्हे. बहिणीनं घेतली. खरीच तर होती! संध्याकाळपर्यंत तिनं मान ओरबाडून काढली, आणि सकाळी कोपरातून पाणी येऊ लागलं. अव्वा डोक्याला हात लावून बसली. चटणी खाल्ली हे एक, आणि वर लिंगाची खोटी शपथ. मारलं तिला, आणि मग स्वतःच रडत बसली. अंग खोटं बोलत नाही ना!

हे एकदाच झालं असं लिहिणार होतो. दोन वर्षं होत राहिलं. बरणी खाली गेली की चौकशी, चौकशी झाली की अंगावर उठणं, उठलं की पुरावा. माझी कातडी स्वच्छ होती, त्यामुळे मला कुणी काही विचारतच नव्हतं. मी कधी थांबलो नाही. थांबता आलं असतं.

पुढे पुढे बहिणीनं शहाणपण केलं. विचारलं की लगेच "खाल्ली" म्हणायची. मग अव्वाचा राग उतरायचा. "आता न्हाय खायाची हं, माझी बाय," म्हणत ती मांडीवर घेऊन तेल लावायची, तासभर थोपटत बसायची. आणि काय सांगू, तीन-चार दिवसांत कातडी निवायची! अव्वा शेजारणीला सांगायची, "कबूल केलं की बगा, लगीच उतरतंय." घरादाराला याचं कौतुक होतं. एकाच्याही डोक्यात आलं नाही की पोरगी निवांत झाली म्हणून कातडी निवांत झाली असेल. माझ्याही नाही. मला तर सुटल्यासारखं वाटायचं.

तेरा-चौदाव्या वर्षी तिचं इसब आपोआप कमी झालं. लग्न होऊन ती अक्कलकोटला गेली. शेंगदाणा मात्र आजतागायत तोंडात घातला नाही तिनं, आणि तिच्या घरातही येऊ दिला नाही.

मागच्या वर्षी माझ्या मुलीच्या मानेवर तसंच उठलं. इथल्याच एका कातडीच्या डॉक्टरणीकडे गेलो. साबण कुठला, लोकर टोचते का, घाम किती, सगळं विचारून झाल्यावर बाई म्हणाल्या, "परीक्षा आहे का हिची? घरात कुणी फार रागावतं का?"

"त्याचा काय संबंध?" मी जरा चढ्या आवाजातच बोललो.

"असू शकतो. ताण आला की काही मुलांची खाज वाढते. खाजवलं की कातडीची आग वाढते, मग झोप जाते, मूल चिडतं, पुन्हा ताण. सुरुवात कुठून झाली हे छातीठोक सांगता येत नाही. खाण्याचंही असतं काहींना, सगळ्यांना नाही."

मुलगी शेजारी बसली होती म्हणून मी फक्त मान हलवली.

त्याच आठवड्यात अक्कलकोटला गेलो. बहीण स्वयंपाकघरात तूर निवडत होती. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. बरणी, पेटी, "व्हय". बोलताना मला वाटत होतं, ती रडेल, शिव्या देईल, किंवा तोंड फिरवेल. तिन्हींचीही तयारी करून गेलो होतो.

ती म्हणाली, "काय बोलतोस अण्णा! मीच खाल्ली होती की."

"तू नाही. मी."

"तू खाल्ली असशील तुझी. मी पण खाल्ली. तिखटाचं बोट डोळ्याला लागलं होतं, मोरीवर बसून किती वेळ पाणी मारत होते. मला चांगलं आठवतंय."

"कधी? कुठल्या साली?"

"आता साल विचारतोस? वकील झालास काय?"

मी समजावत राहिलो. शपथ खरी होती, डॉक्टर असं म्हणाली, तुला छळलं आम्ही. ती निवडायची थांबली. "म्हणजे अव्वानं मला उगीच मारलं? माझ्यापायी ती उगीच रडली? ती जाऊन किती वर्षं झाली. आता तिला कुठं गाठू मी हे सांगायला?"

खरं म्हणजे तिनं एखादवेळी खाल्लीही असेल. सात वर्षांचं पोर ते. पण मला तेव्हा ते चालणारं नव्हतं. मला ती पूर्ण निर्दोष हवी होती, नाहीतर माझा गुन्हा धड गुन्हाही ठरत नव्हता. माझा आवाज चढला. "तू नाही खाल्लीस! खरं सांग, खाल्लीस का तू? आठवून सांग!"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग सूप बाजूला सारलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "बरं बाबा, न्हाय खाल्ली. झालं?"

आणि उठून चहाला आधण ठेवलं. मला हवं होतं तेच ती बोलली होती, आणि माझा त्यावर विश्वास बसला नाही.