घरी जाऊन हसणारे गृहस्थ

मंठा या तालुक्याच्या गावी बसून मी चिनी विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवतो. परवा 'स्टेड' (staid) या शब्दावर गाडी अडली. सभ्य, पण कंटाळवाणा, असं सांगितलं तरी त्यांना पटेना. सभ्य माणूस कंटाळवाणा कसा असेल?

मग मी स्टँडजवळच्या टपरीवर रोज दिसणारे एक गृहस्थ त्यांच्यापुढे उभे केले. भर उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेली. रुमालाने बाकडं पुसल्याशिवाय बसणार नाहीत. एकदा चहावाल्याच्या विनोदावर सगळी टपरी पोट धरून हसली. हे मात्र कप खाली ठेवून म्हणाले, "जोक बराबर हाय. घरी जाऊन हसतो मी."

एवढं सांगून मी माझा टाय सरळ केला. स्क्रीनवर सगळ्यांनी हसू ओठांत दाबून धरलं. शेवटी एका मुलीने अदबीने विचारलं, "सर, आम्ही क्लास संपल्यावर हसलो तर चालेल ना?"