पडवीतली टू-स्ट्रोक

आमच्या वाडीतली पोरं आपापल्या बापाला 'ए बाबा' म्हणायची. मी 'अहो बाबा' म्हणायचे, कारण आमचे बाबा पाहुण्यासारखे यायचे. मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. वर्षाकाठी दीड-दोन महिने घरी, की पुन्हा बोट. अशाच एका सुट्टीत त्यांनी टू-स्ट्रोक मोटारसायकल घेतली, आईला मागे बसवून आरे-वारेच्या किनाऱ्यापर्यंत फिरवून आणलं आणि बोलावणं आलं तसे निघून गेले. गाडी पडवीत ताडपत्रीखाली राहिली. खारी हवा लोखंडाला सोडत नाही, म्हणून आई सुरुवातीला पावसाळ्याआधी तिला जुनं ऑइल फासायची. पुढे तेही राहिलं. शेवटी तर त्या ताडपत्रीखाली कोंबडी अंडी घालायला बसू लागली. आई म्हणायची, "चला, गाडीचा कायतरी उपयोग झाला."

बाबा निवृत्त होऊन कायमचे घरी आले, तोवर त्यांचे कान जवळपास गेले होते आणि बोटं थरथरायला लागली होती. कानाचं यंत्र दोन दिवस लावलं आणि फडताळात ठेवून दिलं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि आमच्याकडे ओरडलं की दगडी गडग्यापलीकडच्या दोन घरांना ऐकू जातं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, अजूनही आहे. फोनवर ते "हां, हां, बरंय" म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे. एकदा मी म्हटलं, "बाबा, मला ताप आलाय." ते म्हणाले, "छान, छान."

मग एका सुट्टीत मी घरी आले, तर ताडपत्री दूर झालेली आणि बाबा जुन्या चटईवर इंजिन उघडून बसलेले. मला पाहताच म्हणाले, "बाय, जरा इकडे ये. ही बोटं माझं ऐकत नाय." पिस्टनच्या पिनेला तारेची एक बारीकशी कडी बसवायची होती. ती त्यांच्या हातून सारखी उडत होती. माझ्याही हातून उडाली, तुळशीपाशी जाऊन पडली, आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर रांगत शोधत बसलो. आई दारातून म्हणाली, "बापलेक दोघं शेणात काय शोधताय?" कडी सापडली, बसली. त्या दिवशी मी बाबांना पहिल्यांदा खो-खो हसताना पाहिलं.

तेव्हापासून दर पंधरवड्याला मी यायला लागले. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून एसटी धरायची, शनिवार-रविवार पडवीत. बारीक काम माझं, अक्कल त्यांची. इंजिन थोडं धुगधुगलं की ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचे आणि त्याची मूठ दातांत धरायचे. माझी हाक ज्यांना ऐकू येत नव्हती, त्यांना दातांतून आतलं बेअरिंग ऐकू यायचं. मला हेवा वाटायचा, खरंच सांगते.

पण हात कामात असले की बाबा आपणहून बोलायचे. मी जन्मले ते त्यांना पुढच्या बंदरात कळलं, आणि त्यांनी सगळ्या इंजिनरूमला दुप्पट साखरेचा चहा पाजला, हे मला त्या पडवीत कळलं. माझे फोटो ते पाकिटात ठेवत नसत, तेलाचे हात लागतात म्हणून बर्थच्या वर चिकटवत, हेही. आणि भांडणं तर विचारू नका. मला गाडी होती तशीच हवी होती, तोच रंग, तेच खाली वाकलेलं हँडल. त्यांना हँडल उंच हवं होतं, पाठ दुखते म्हणून, सीट रुंद हवी होती आणि आईला एका बाजूने बसल्यावर पाय ठेवायला फळी. "मी बसायची नाय त्या भंगारात," आई आतून सांगायची. तरी बाबा ती फळी पत्र्यातून स्वतः कापत होते, कानशीने घासत होते, पुन्हा घासत होते. मी ओरडायचे, "बाबा, तयार मिळते!" ते म्हणायचे, "मिळते. पण तुझ्या आईचा पाय तयार मिळत नाय."

गाडीबद्दल ओरडायला मला कधी लाज वाटली नाही. क्लच, कार्बोरेटर, टाकीतला गंज यावर आम्ही वाडी डोक्यावर घेत होतो. त्यातच आमचं सगळं बोलणं होत होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आलं नाही. माझ्या लक्षात आलं ते एवढंच की काम पुढे सरकत नाही. या खेपेला बसवलेलं पुढच्या खेपेला पुन्हा उघडलेलं असायचं. "जरा आवाज करत होतं," बाबा म्हणायचे. रंगवलेली टाकी पॉलिश पेपरने पुन्हा घासलेली. दुसरा पावसाळा गेला तरी भिजत घोंगडं तसंच. मी ऑफिसात कामं उरकणारी म्हणून ओळखली जाते. अर्धवट गोष्ट दिसली की मला अंगावर काटा येतो. त्यात रत्नागिरीतला एक गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, चार दिवसांचं काम हाय हे."

आई-बाबा मामेभावाच्या लग्नाला संगमेश्वराला गेले. मी रजा टाकली, टेम्पो बोलावला आणि गाडी गॅरेजला नेली. बाबांना आनंदाचा धक्का द्यायचा, एवढंच डोक्यात होतं. त्यांना हवं तसं उंच हँडल केलं, रुंद सीट केली. मी माझा हट्टसुद्धा सोडला होता, याचं मलाच केवढं कौतुक! ते परत आले तेव्हा गाडी घरासमोरच्या खळ्यात उभी होती, नव्या नवरीसारखी. मी एका किकमध्ये चालू करून दाखवली.

बाबा जवळ आले. टाकीवरून हात फिरवला. "झकास," म्हणाले. मग वाकून पाय ठेवायच्या फळीकडे पाहिलं. गॅरेजवाल्याने तयार फळी लावली होती, चकचकीत. त्यांनी घासलेली त्याने एका पिशवीत घालून परत दिली होती. ती मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "असू दे. दुसऱ्या कशाला तरी होईल." मग रस्त्याच्या वळणापर्यंत एक फेरी मारून आले, माझ्यासाठी. गाडी पडवीत लावली आणि हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

आई चहा गाळताना हळू आवाजात म्हणाली, "तू रविवारी गेलीस की सोमवारी हा तुझा बाप पाने-पक्कड घेऊन बसायचा. बसवलेलं खोलायचा. मी विचारलं तर म्हणायचा, तिला काम नको काय?"

पुढच्या पंधरवड्याला मी तरीही आले. पडवी झाडलेली होती, चटई गुंडाळून ठेवलेली. बाबा बाकावर बसले होते, मी शेजारी बसले. आम्हा दोघांनाही हातांचं काय करावं ते कळेना. मी ओरडून विचारलं, "गाडी बरी चालते ना?" ते म्हणाले, "एकदम." मग तेच म्हणाले, अगदी मायेने, जुन्या पाहुण्याच्या अदबीने, "बाय, आता कशाला दर पंधरवड्याला घाटातनं धडपडत येतेस? दगदग होते. गाडी झाली ना आता. गणपतीत ये निवांत."

मी गाडीसाठी येत नव्हते, बाबा, तुमच्यासाठी येत होते. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. पण ते त्यांना ऐकू जायला ओरडावं लागलं असतं, आणि असलं वाक्य ओरडून बोलायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. पलीकडच्या काकू गडग्याशी कपडे वाळत घालत होत्या. मी खाली बघत, माझ्याशीच पुटपुटल्यासारखं म्हटलं, "बरं."

ते मात्र त्यांना ऐकू गेलं.