ठारकाकांचा बहिरेपणा एकमताने मंजूर

गावाच्या मधोमध पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या मधोमध ठारकाका. ठार बहिरे म्हणून ठार, आणि सगळ्यांचेच म्हणून काका. तीस वर्षं त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे असत. गिरणीतल्या पहिल्या दिवशी ते आईने कोंबले होते, इंजिनाच्या धडधडीने पोराचे कान जाऊ नयेत म्हणून. कान काही गेले नाहीत. पण त्याच दिवशी कुणीतरी पाठीमागून तीनदा हाक मारली, काका पिठाच्या पिशवीत डोकं घालून बसलेले, वळले नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत गावाने निकाल लावून टाकला. दुसऱ्या दिवशी काका खुलासा करणार होते. पण माणसं इतक्या मायेने हातवारे करू लागली की सांगणं जिवावर आलं. तिसऱ्या दिवशी सांगावं तर दोन दिवस काय करत होतात, असं कुणी विचारलं असतं.

बहिऱ्याची गिरणी गावाच्या भलतीच कामी आली. घरात सासू ऐकते, रस्त्यात शेजारीण ऐकते. गिरणीत इंजिन कुणालाच काही ऐकू देत नाही. समोरच्याच्या कानाला तोंड लावायचं आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं, की झाली कुजबुज. सोयरिकी तिथे जमल्या, भावाभावांची भांडणं तिथे मिटली, मिटता मिटता दोन नवी लागली. आणि काका डबा उचलायच्या निमित्ताने मान वर करून ओठ वाचायला शिकले. शिंपीण प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायची, तिच्यावर त्यांचा हात बसला. मास्तरांना झुपकेदार मिशा, त्यांना दोन वर्षं जास्त लागली.

काकूंना अर्थातच सगळं ठाऊक होतं. घरी आले की काका कानातला कापूस काढून खिडकीत ठेवायचे आणि जेवता जेवता दिवसभराचं गाव करून दाखवायचे. मास्तरांचं खाकरणं, शिंपिणीचं तिबार बोलणं. काकूंना ठसका लागायचा. मग त्या पाणी पिऊन म्हणायच्या, पुढचं सांगा.

तर एके दिवशी इंजिन दमलं, आणि काकांच्या लेकीने विजेची नवी गिरणी बसवून दिली. तिचा आवाज म्हणजे मांजर झोपेत घोरावं एवढाच. गाव बावरलं. डबे ठेवून माणसं छताकडे बघत बसू लागली. शिंपिणीने सवयीने बाजारपेठभर ऐकू जाईल असं एक गुपित ओरडून सांगितलं, आणि दोन दिवस घराबाहेर पडली नाही.

त्या शांततेत मास्तर आले. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं ते गावाचा इतिहास लिहीत होते. दळण होईपर्यंत त्यांनी वही उघडली आणि रांगेतल्या पाचसहा जणांना वाचून दाखवू लागले.

"अं हं. प्रस्तुत ग्रामातील आद्य विहीर आमच्या पूज्य आजोबांनी, अं हं, स्वहस्ते खणली."

काकांच्या तोंडून निघून गेलं, "खणली कुठे? खड्डा चुना कालवायला होता. त्यात ते पडले. त्यांना वर काढायला गाव बाजूने खणत गेलं, तर पाणी लागलं. तुमच्या वडिलांनीच सांगितलं, इथेच उभं राहून, तुमच्या आत्याला."

गिरणी मांजरासारखी घोरत राहिली.

"काका," शिंपीण म्हणाली, "तुम्हाला ऐकू येतं?"

"नाही," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दळणं बंद. सायकलींवरचे डबे गिरणीच्या दारावरून पुलापलीकडच्या गिरणीकडे जाऊ लागले, आणि सायकलवाले माना दुसरीकडे वळवून. चौथ्या दिवशी काकांनी घरचंच पीठ पुन्हा दळलं, पाचव्या दिवशी तेच पुन्हा. काकू म्हणाल्या, आता हे पीठ नाही, पावडर झाली, तोंडाला लावते. मग म्हणाल्या, लेक आपल्याला उपाशी ठेवायची नाही, बंद करा ही गिरणी.

"पोटाचं नाही गं," काका म्हणाले. "मला माणसं लागतात."

रविवारी शाळेत गावसभा भरली. पहिलाच विषय, काकांचे कान. गिरणी बंद व्हावी की चालू राहावी, ते त्यावरच ठरणार होतं. काकांना पुढच्या बाकावर बसवलं. कुणीतरी सुचवलं, परीक्षा घ्या. शिंपी तांब्याचा हंडा घेऊन त्यांच्या मागे उभा राहिला आणि हंडा फरशीवर सोडून दिला. सगळी सभा वीतभर उडाली. काका हलले नाहीत. समोरच्या फळ्याशेजारच्या काचेत त्यांना शिंप्याचे ओठ दिसले होते, आता सोडतो बरं का, असं बायकोला सांगताना.

मास्तर म्हणाले, दचकले नाहीत, त्याअर्थी, अं हं, बहिरे. मागून कुणी म्हणालं, तीस वर्षं इंजिनाशेजारी काढली, तो हंड्याला कशाला दचकेल. तासभर हेच दळण चाललं. शेवटी शिंपीण उठली.

"ऐकू येतं, ऐकू येतं, चांगलं ऐकू येतं."

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "ठीक आहे. लिहून घेऊ. मग काकांनी आजवर काय काय ऐकलं, तेही सभेपुढे येऊ दे. सुरुवात तुमच्यापासून करू या."

शिंपीण उभीच राहिली. सभेत प्रत्येकजण आपापली तीस वर्षं आठवू लागला. एक आजोबा उठून दाराकडे निघाले होते, ते अर्ध्यातून परत येऊन बसले.

"बहिरे आहेत हो बिचारे," शिंपीण म्हणाली. जन्मात पहिल्यांदा एकदाच.

ठराव झाला. सदर गृहस्थ बहिरे आहेत, पूर्वीपासून होते, आणि पुढेही राहतील. सूचक शिंपीण, अनुमोदक सगळे. मग अडचण आली की हे काकांना कळवायचं कसं. अध्यक्षबाईंनी ठराव मोठ्याने वाचला आणि काकांकडे पाहिलं. अख्ख्या सभेनेही पाहिलं. बाजूच्या रांगेत काकू पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या.

काकांनी कानामागे हात नेला.

"काय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तोही त्यांनी ऐकला नाही. त्याच भरात दुसरा ठराव झाला की जुनं इंजिन दुरुस्त करून रोज चालवावं. दळायला नव्हे, नुसतं चालवायला.

आता गिरणीत दोन यंत्रं आहेत. एक दळतं, दुसरं बोंबलतं. रांग दारापर्यंत असते आणि सगळे एकमेकांच्या कानात ओरडत असतात. मास्तर रोज दुपारी येतात, काकांच्या समोर उभे राहतात, मिशा दोन बोटांनी वर धरतात आणि इतिहास वाचतात, आवाज न करता. काका पीठ झाडायच्या दांडक्याने यंत्रावर ठोकतात. बरोबर असेल तर एकदा, थाप असेल तर दोनदा. विहिरीला दोनदा ठोकलं. मास्तरांनी पान फाडलं. रांगेतल्या माणसांनी छताकडे पाहिलं.

वही संपत आली तेव्हा मास्तर जरा थांबले. मग ओठ हलवून म्हणाले, आजोबा माणूस मात्र धीराचा होता, खड्ड्यात असताना जराही रडला नाही.

काकांना खड्ड्यातल्या त्या रडण्याबद्दल मास्तरांच्या आत्याने तेव्हा दिलेलं उत्तर आठवलं, शब्द न् शब्द. त्यांनी दांडकं उचललं, मास्तरांकडे पाहिलं आणि एकदाच ठोकलं.