अप्पाच्या आवाजातला होकार

हे मी आजवर कुणापशीच बोललो न्हाई. तसं बोलायला मला लय आवडतं — सेलूच्या मोंढा बाजारातला कुठला बी माणूस सांगा, त्याचा आवाज काढून दाखवतो. एवढंच तेवढं तोंडातून निघत न्हाई.

परवा चहाच्या गाड्यावर सगळे कायद्यावर बोलायलते. लहान लेकरांच्या फोनमधे घाण अडवणारी गाळणी पाहिजेच, आन ती काढायची तर मायबापाची परवानगी — असा कायदा यायलाय म्हणे. मी गप. मी गप बसलो की लोकं विचारतात, तब्येत बरी हाय ना रे? मला एकच गोष्ट खायलती — परवानगी बापानंच दिली, हे कायदा वळखणार कसं?

कारण एकदा ती मी दिलीय. बाप नसताना.

थांबा, नीट सांगतो. गौरी माझी चुलत बहीण, आठवीतली. तिचे वडील म्हणजे आमचे अप्पा, सरकीचे व्यापारी. तिला फोन घेतला तवाच अप्पानं दुकानदार शिवाभाऊला बजावलं — गाळणी टाक, पासवर्ड तुझ्यापशी ठेव, मी सांगितल्याबिगर काढू नको. झालं काय, त्या गाळणीनं विज्ञानाचा शरीराचा धडा बी अडवला. गौरीला अप्पाला सांगायची लाज वाटायची. मी म्हणलो, मी विचारतो.

विचारलं का? कुठलं काय. मला वेगळंच कुतूहल — मी काढलेला अप्पाचा आवाज चालंल का? अप्पाचा फोन चार्जिंगला होता. त्याच्यावरूनच शिवाभाऊला लावला. आमच्या लिंगायतात फोनवर हॅलो न्हाई, शरणार्थ म्हणतात. अप्पा ते म्हणताना डोळे मिटतात. मी बी मिटले.

"शरणार्थ, शिवा. पोरीच्या फोनची गाळणी काढून टाक बाबा. अभ्यास अडायलाय."

तो बी शरणार्थ म्हणला. शरणार्थ म्हणून कुणी खोटं बोलतं का? त्याला कशाला शंका येईल? आन मला — खरं सांगू? — लय भारी वाटलं. गौरीला म्हणलो, अप्पा हो म्हणले, जा दुकानात.

धडा तर दिसला. पण गाळणी गेली तशी त्या फोनवर अनोळखी लोकांना बी वाट मोकळी झाली, आन कुणीतरी मैत्रीण बनून तिच्याशी बोलायला लागलं. शाळा कुठली, सुटते कधी. आन एक दिवस शाळेच्या गेटापशी दाढीवाला माणूस, तिचं नाव घेऊन बोलवायलाय. पोरगी पळत रसवंतीत शिरली, म्हणून वाचली.

अप्पा तणतणत शिवाभाऊकडं गेले. गौरी आन मी मागं. शिवाभाऊ म्हणला, अप्पा, तुमीच तर फोन केलता. नंबर दाखवला. गौरी बी रडत म्हणली, तुमी हो म्हणलते ना?

अप्पा माझ्याकडं बघायले. मी कुठं बघितलं? स्वतःच्या चपलेकडं.

"म्हणलो असंल मी," अप्पा हळूच म्हणले. "ध्यानात ऱ्हाईना गेलंय."

काकूनं परभणीच्या डॉक्टरला दाखवलं. ध्यानासाठी गोळ्या चालू झाल्या — नसलेल्या दुखण्याच्या. गौरीचा फोन कपाटात गेला. ती अजून बी अप्पाशी तुटक बोलती. मी तवा बोललो न्हाई, नंतर बी न्हाई.

आता मोंढ्यातून सौद्याचा फोन आला की अप्पा तो माझ्या हातात देतात.

"तू बोल," म्हणतात. "माझा काय भरोसा."

मी घेतो. बोलतो.