खुब्याचा एक्स-रे

बाळापूरजवळ आमचं फुलांचं शेत आहे. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. घर शेतातच, वस्तीपासून लांब. म्हणून अमरावतीच्या माझ्या थोरल्या भावानं जर्मन शेफर्डचं पिल्लू आणून दिलं. भाऊ घरीच या कुत्र्यांची पैदास करायचा. मादी त्याची, नर त्याच्या मित्राचा, आणि दोघं एकाच आईची, वेगवेगळ्या वेतांतली. हे तो अभिमानानं सांगायचा, "रक्त एकदम शुद्ध हाय बाई."

पिल्लू मोठं होऊ लागलं तसं सशासारखे मागचे दोन्ही पाय एकदम उचलून पळायला लागलं. आम्ही हसायचो. पुढे बसलं की उठताना ते कण्हू लागलं, तेव्हा हसणं थांबलं. अकोल्याच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला आणि मला उजेडात धरून दाखवला.

"खुब्याची वाटी उथळ आहे, हाड तिच्यात नीट बसतच नाही. हे बहुतेक आईबापांकडून आलंय. त्यांचेही एक्स-रे काढायला सांगा. तोवर त्यांची पिल्लं काढू नका म्हणावं."

घरी आल्याबरोबर भावाला फोन केला. तो चिडला.

"फरशीवर घसरलं असन ते. माह्या मादीले काहून नावं ठेवून रायली?"

मग सुरू झालं ते रोजचं. जुन्या लुगड्याची पट्टी पोटाखाली घालून त्याचं मागचं धड उचलायचं, अंगणात न्यायचं, परत आणायचं. गोळ्या भाकरीत दडवायच्या. फुलं तोडून आल्यावर माझीच कंबर धरलेली असायची, आणि ते दारात माझी वाट बघत पडलेलं असायचं. राग कोणावर काढावा, तेच कळेना. भावाला दर फोनवर तेच सांगायचे. तो विषय बदलायचा. मादी पुन्हा व्याली, हे मला वहिनीकडून कळलं.

भाऊबीजेला भाऊ आला. कुत्र्यानं त्याला लांबूनच ओळखलं. शेपूट हलवत उठायला गेलं, पण मागचे पाय पसरले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बसलं. भाऊ पायातल्या चपलाही न काढता त्याच्याजवळ खाली बसला.

"असं रोज व्हते?"

"रोज."

ओवाळून झाल्यावर ताटावर बसला, पण त्याला जेवण गेलं नाही. हात धुताना म्हणाला, "त्या डॉक्टरीणबाईचा पत्ता दे मले."

महिनाभरात तो मादीला घेऊन अकोल्याला आला. मीही गेले. तिचेही खुबे तसेच निघाले, फक्त ती कधी कण्हली नव्हती. भावानं तिच्या मानेवरून हात फिरवला. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "हिचं ऑपरेशन करून टाका. आता पिल्लं नाई पाह्यजेत."

आधी पिल्लं नेलेल्या घरी हे सांगायला त्यानं एकेक करून फोन केले. काहींनी शिव्या दिल्या. एका घरचं कुत्रं अगोदरच गेलं होतं. मित्राला नराचा एक्स-रे काढायला सांगितलं, तर त्यानं बोलणंच सोडलं. भावानं मग तपासलेल्या खुब्यांची दुसरी मादी शोधली. तिची पाठ सरळ आहे. लोक बघायला येतात, पण मागं उतरत्या पाठीचं कुत्रंच अस्सल असं त्यांना वाटतं, म्हणून परत जातात.

परवा अकोल्याच्या फूलबाजारात ओळखीच्या एका बाईनं मोबाइलवर नवीन पिल्लाचा फोटो दाखवला. पिल्लू भावाच्या त्या मित्राकडचं. मी म्हटलं, "बाई, याच्या मायबापाचे एक्स-रे काढले हायत का, इचारलं का त्याले?"

"एक्स-रे? कायले? पाहा ना, किती सुंदर हाय!"

मी तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. तेवढ्यात व्यापाऱ्यानं तिची फुलांची टोपली तोलायला घेतली, आणि ती तिकडे निघून गेली.